कॉर्सेअर आरएम७५०ई एसएमपीएस: आठ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या आधी घेतलेला हा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या लाइटवरून पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आता एक अख्खी लग्नसराई आणि मे महिन्यातला वळीव त्याने बघितलाय म्हणून लिहायला बसलोय, कारण एसएमपीएसबद्दल पहिल्या आठवड्यात काही लिहिण्यासारखं नसतंच, लावला, पीसी चालू झाला, झालं. तो खरा कसा आहे ते लाइट जायला लागली की कळतं.

माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं, साताऱ्यात घरूनच. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, दोन हार्डडिस्क. आधी कॅबिनेटबरोबर मिळालेलाच एसएमपीएस लावला होता, त्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलेलं, त्यामुळे तिकडे कधी लक्षच गेलं नाही. मग गेल्या वर्षी रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल तयार होणं) अर्ध्यात आला की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. एरर नाही, निळी स्क्रीन नाही, फटकन काळं आणि परत चालू. विंडोजची नोंदवही असते ना, इव्हेंट व्ह्यूअर, त्यात दरवेळी कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, का पडलं ते तो सांगत नाही. विंडोज दोनदा टाकलं, ड्रायव्हर बदलले, रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून बघितल्या, एका नवरीकडच्यांचा हायलाइट चार दिवस उशिरा दिला. महिना गेला त्यात.

शेवटी एसएमपीएस बाहेर काढून बाजूचा स्टिकर वाचला. १२ व्होल्टच्या खाली १८ अँपिअर. म्हणजे १२ गुणिले १८, २१६ वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही आपली पॉवर जवळजवळ सगळी १२ व्होल्टवरनं घेतात, माझं कार्ड एकटं १७० वॉटचं, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, दोघांचेच झाले २४६. फॅन, डिस्क, बोर्ड अजून धरलेच नाहीत, आणि कार्ड मध्येच काही मिलिसेकंदांसाठी त्याच्याही वर उडी मारतं ते वेगळंच. मग ५०० चा आकडा आला कुठून, तर ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे त्यात मिळवून. त्यामुळे कुठलाही एसएमपीएस घेताना आधी खोका फिरवून १२ व्होल्टचा रकाना बघा. आरएम७५०ई वर तिथे ६२.५ अँपिअर आहे, गुणाकार बरोबर ७५० येतो.

आता अनुभव. या आठ महिन्यांत रेंडर चालू असताना मशीन स्वतःहून एकदाही रीस्टार्ट झालेलं नाही. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल, साडेनऊ हजारांच्या आसपास पडला होता.

लाइटचं मात्र नीट समजून घ्या. लाइट गेली की यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ एसएमपीएसने आतल्या मोठ्या कपॅसिटरवर मशीन ओढून न्यायचं असतं. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या मानकाच्या, नियमाप्रमाणे साधारण १६-१७ मिलिसेकंद तरी निघायला पाहिजेत, आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनची एक सायकल २० ची असते, म्हणजे एका सायकलपेक्षा थोडं कमीच. जुन्यावर यूपीएस असूनही पीसी बंद पडायचा आणि मी शिव्या यूपीएसला घालत होतो. नवीन लावल्यावर त्याच यूपीएसवर मे महिन्यात एका संध्याकाळी पाच वेळा लाइट आली-गेली, टाइमलाइन हलली नाही. पण घरातल्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लावून बघितला तेव्हा हाच एसएमपीएस गुणगुणायला लागला, लगेच काढला, परत त्यावर लावणार नाही. यूपीएसही आता ६०० व्हीएचा काढून १००० व्हीएचा घेतलाय, कारण ६०० व्हीए म्हणजे वॉटमध्ये ३६० च भरतात आणि माझं मशीन रेंडरला भिंतीवर २८० ते २९० घेतं, मॉनिटर वेगळा. हे मीटर लावून बघितलंय, नुसतं चालू असताना साठ-पासष्टच्या मध्ये असतं.

म्हणजे ७५० ची मला गरज होती का? आज तरी नाही. या मशीनला चांगला ५५० सुद्धा पुरला असता. मी घेतला तो पुढच्या वर्षी कार्ड बदलायचंय म्हणून, आणि गॅरंटी सात वर्षांची आहे म्हणून, म्हणजे पुढचं मशीनही यावरच निघेल. कार्ड बदलायचा विचार नसेल तर त्याच दर्जाचा कमी वॉटचा घ्या आणि उरलेले पैसे यूपीएसमध्ये घाला, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

फॅन कमी लोडवर फिरतच नाही. हिवाळ्यात रात्री व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करताना हे फार बरं वाटलं, एप्रिल-मेमध्ये रेंडरला फिरायचा पण कूलरच्या आवाजात काय ऐकू येणार. न आवडलेली गोष्ट म्हणजे मदरबोर्डला जाणारी २४ पिनची केबल फार कडक आहे, माझ्या छोट्या कॅबिनेटमध्ये मागचं झाकण बसवताना घाम निघाला. आणि केबल सगळ्या सुट्या निघतात म्हणून जुन्या कुठल्या मॉड्युलर (सुट्या केबलवाल्या) एसएमपीएसची साटा केबल, म्हणजे डिस्कला वीज देणारी, यात खुपसू नका. डिस्ककडची पिन सारखीच असते, एसएमपीएसकडच्या बाजूला कोणती तार कुठे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळं. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्डडिस्क जळते, आणि आमच्याकडे त्या डिस्कवर लोकांची लग्नं असतात.

अजून एक, हे एसएमपीएस बदलून जात नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या, नवीन लावल्यावरही आल्या. दुकानदार म्हणाला पीस बदलून देतो, पण वायरमनला बोलावलं तर बोर्डातल्या तिसऱ्या पिनला वायरच नव्हती. एसएमपीएसच्या आत लाइनमधला कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात, त्यातनं येणारा थोडासा करंट अर्थिंगमधून जायचा असतो, अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर थांबतो. नवीन अर्थिंग ओढून घेतल्यावर झिणझिण्या बंद, आणि हेडफोनमधली बारीक घरघर पण त्याच दिवशी गेली.