वस्तीतलं शिक्षण हक्क मदत केंद्र: फुकटचा वकील खरंच कामाचा असतो का?

आधीच सांगते, ही जाहिरात नाहीये, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही, आणि शाळेचं पण लिहीत नाही कारण पोरगी अजून तिथेच शिकतेय. पण शाळेच्या तक्रारींत फुकट कायदेशीर मदत करणारी अशी केंद्रं आता महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी आहेत, कुठे एखादी संस्था चालवते, कुठे लॉ कॉलेजची मुलं, कुठे विधी सेवा प्राधिकरण (फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा), आणि आपले लोक तिकडे फिरकतच नाहीत कारण फुकटात मिळतं ते टाकाऊच असणार असं डोक्यात फिट बसलंय. मी गेले, दोन वेगवेगळ्या कामांसाठी गेले, एक झालं आणि एक रखडलं, तर दोन्ही लिहिते.

समाजमंदिराच्या मागच्या खोलीत शनिवारी बसतात. एक वकील ताई, लॉ शिकणारी दोन-तीन पोरं, आणि आमच्याच गल्लीतल्या एक मावशी ज्या विधी स्वयंसेवक आहेत. शाळेबद्दल काहीही तक्रार असो, ऐकून घेतात. रांगेत माझ्या पुढे बांधकामावर काम करणारी एक बाई होती, तिच्या पोराचा जन्मदाखलाच नव्हता म्हणून जवळच्या शाळेने परत पाठवलं होतं. ताईंनी तिथल्या तिथे सांगितलं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14, आणि एका मुलाला तिच्यासोबत शाळेत पाठवलं सुद्धा. मला तिथेच जरा धीर आला.

आता माझं काम. मुलगी आरटीईच्या 25 टक्क्यांतून, म्हणजे खासगी शाळेत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ज्या फुकट जागा ठेवाव्या लागतात त्यांतून, इंग्लिश मीडियम शाळेत आहे. पहिली-दुसरी नीट गेली. तिसरीत शाळेने सुरू केलं की ट्यूशन फी माफ आहे पण ॲक्टिव्हिटीचे, स्मार्ट क्लासचे, गॅदरिंगचे पैसे भरावेच लागतील, आणि भरले नाहीत म्हणून सहामाहीचं प्रगतीपुस्तक दिलं नाही, वर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्यांचे बाकी आहेत त्यांची यादी टाकली. नावासकट. यादीत सगळी आरटीईचीच पोरं.

मी ताईंसमोर बसले आणि भडाभडा बोलायला लागले, शाळा अशी, शाळा तशी, आम्हाला हाकलायलाच बघतायत. त्यांनी शांतपणे पेन उचललं आणि विचारलं, कोण बोललं, कोणत्या तारखेला, मेसेज आहे का, पावती मागितली होती का. हाकलायलाच बघतायत हे वाक्य त्यांनी सरळ कापलं. म्हणे ताई, हे तुमचं वाटणं झालं, यादीचा स्क्रीनशॉट हा पुरावा आहे, आपण तेवढंच लिहू. मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते, पण पत्र वाचल्यावर कळलं की हेच बरोबर आहे. एक पानाचं पत्र, मराठीत, कुठेही धमकी नाही. वरती काय घडलं ते तारखांसकट, मग कलम 3 की प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल अशी कुठलीच फी किंवा खर्च मुलाकडून घेता येत नाही, मग कलम 12 मधले ते 25 टक्के, मग कलम 17 की मुलाला मानसिक त्रास देता येत नाही, आणि शेवटी लेखी उत्तर द्या आणि प्रगतीपुस्तक द्या. प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना.

पण खरी करामत पत्रात नाहीये, ते देण्यात आहे. मावशी माझ्यासोबत शाळेत आल्या. क्लार्क म्हणाला, मॅडम मीटिंगमध्ये आहेत नंतर या. मावशी म्हणाल्या, मॅडम नकोयत, प्रतीवर आवक शिक्का हवाय. तो म्हणाला, आम्ही शिक्का-बिक्का देत नाही. मावशींनी आवाज जराही न चढवता आमची प्रत त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, काही हरकत नाही दादा, पत्र स्वीकारत नाही एवढं इथे लिहा आणि खाली सही करा. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात शिक्का होता. नुसतं एवढंच! मी त्याच खिडकीवर कितीदा तरी तोंडी रडून आले होते.

प्रगतीपुस्तक मिळालं, यादी ग्रुपवरून गेली, शाळेने पुन्हा पैसे मागितले नाहीत. लेखी उत्तर मात्र आजपर्यंत आलेलं नाही, आणि ताई म्हणाल्या ते येणार पण नाही, लेखी दिलं की अडकतील. आता इथे एक नावडती गोष्ट. त्यानंतर एक टीचर मुलीला येताजाता वकीलवाली म्हणायच्या. ह्याच्यावर केंद्राकडे फारसं औषध नव्हतं. ताईंनी एक वही ठेवायला सांगितली, तारीख आणि शब्द लिहून ठेवा, वाढलं तर कलम 17 वर वेगळी तक्रार करू. तसं वाढलं नाही, टीचर बदलल्या. पण पत्र दिलं की सगळं गोडगोड होतं अशा समजात कोणी जाऊ नका.

शाळांची बाजू पण ताई सांगतात हे मला आवडलं. सरकारने आरटीईच्या मुलांची फी शाळांना परत द्यायची असते आणि ती वर्षानुवर्षं थकते, म्हणून शाळा चिडलेल्या असतात. ते खरं असेलही. पण सरकारकडची थकबाकी आठ वर्षांच्या पोरीकडून वसूल करायची हा कुठला न्याय.

दुसरं काम दिराच्या मुलाचं. तो आरटीईतला नाही, साध्या खासगी शाळेत होता, दिराची नोकरी गेली, फी थकली, म्हणून पाचवीला पालिकेच्या शाळेत घालायचं ठरलं तर जुनी शाळा टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला देईना. आधी फी भरा मगच टीसी. आणि पालिकेची शाळा म्हणते टीसी आणा मगच प्रवेश. पोरगं घरी. इथे केंद्राने निम्मं काम एकदम झकास केलं, म्हणजे ताईंनी पालिकेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला आणि कलम 5 वाचून दाखवलं, की दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारायचं किंवा लांबवायचं कारण होऊ शकत नाही, आणि ते सर भले निघाले, जन्मदाखल्यावर पोराला बसवून घेतलं. पोरगं शाळेत गेलं ह्याला माझे फुल मार्क्स.

उरलेलं निम्मं मात्र लटकलं. टीसीसाठी शिक्षण विभागात तक्रार टाकली. कायद्यात कलम 32 आहे, स्थानिक प्राधिकरणाने 3 महिन्यांत निकाल द्यायचा, नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. कागदावर छान आहे. तिकडे फाइल साहेबांच्या टेबलावर, आणि इकडे केंद्रात आमचं प्रकरण बघणारा मुलगा परीक्षेला गेला तो गेलाच. नवीन आला त्याला सगळं पहिल्यापासून सांगा, झेरॉक्स परत द्या. त्याच्याकडे आमच्या तक्रारीचा आवक नंबरच नव्हता, तो माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता म्हणून निभावलं. अहो, तुम्ही आम्हाला शिकवता कागद जपा, मग तुमचं रजिस्टर कुठाय? ह्यासाठी एक स्टार कापलाय आणि तो बरोबरच कापलाय. टीसी शेवटी मिळाला, पण केंद्रापेक्षा दिराच्या चिकाटीमुळे मिळाला असं माझं मत. आणि हो, थकलेली फी माफ झाली नाही, ताईंनी पहिल्याच दिवशी भावजींना स्पष्ट सांगितलं होतं की देणं ते देणं, शाळा ते वेगळ्या मार्गाने मागू शकते, फक्त त्यासाठी मुलाला ओलीस धरता येत नाही.

नाही म्हणायचं तिथे नाही म्हणतात, ही मला त्यांची सगळ्यात मोठी क्वालिटी वाटते. एका बाईला अल्पसंख्याक दर्जाच्या शाळेत 25 टक्क्यांतून प्रवेश हवा होता, तिला लगेच सांगितलं की तिथे आरटीई लागू नाही, 2014 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, वेळ घालवू नका, दुसऱ्या शाळा बघू. आणि नववीचं! हे कोणी सांगतच नाही. आरटीईचा प्रवेश आठवीपर्यंतच, नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी, आणि ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नसते. आमच्या गल्लीत एका घरी आठवीच्या निकालानंतर हे कळलं, तोवर जवळच्या अनुदानित शाळेतल्या जागा भरल्या होत्या. केंद्रवाले सातवीपासूनच पालकांना बोलावून अनुदानित शाळा शोधायला लावतात. ह्याच्यावर कोर्टात काही होऊ शकतं का असं मी विचारलं तर ताई म्हणाल्या, कायदाच 14 वर्षांपर्यंतचा आहे, पत्र लिहून तो वाढत नाही.

प्रवेशाच्या सीझनला मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते. ऑनलाइन फॉर्म, नोंदणीकृत भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, आणि तो गुगल मॅपवरचा घराचा पॉइंट जो इकडचा तिकडे झाला की लॉटरीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द. लॉवाली पोरं घरी येऊन पॉइंट लावून देतात, खोटं नाही सांगत. 2024 ला तर कहरच झाला होता, फेब्रुवारीत सरकारने नियम काढला की 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने 25 टक्के द्यायची गरज नाही. शहरात कुठल्या वस्तीपासून 1 किलोमीटरवर पालिकेची शाळा नसते? म्हणजे सगळंच बंद. मग मे महिन्यात हायकोर्टाने स्थगिती दिली, परत नव्याने अर्ज, आणि जुलैत तो नियमच रद्द केला, शाळा सुप्रीम कोर्टात गेल्या तिथेही ऑगस्टमध्ये काही मिळालं नाही. त्या गोंधळात केंद्राने लोकांना घरोघरी निरोप दिले की जुना अर्ज चालणार नाही, नवीन भरा. नाहीतर आमच्या इथले अर्धे लोक जुन्याच अर्जावर वाट बघत बसले असते.

कोर्टकचेरीचं सांगायचं तर केंद्र स्वतः केस लढत नाही, ते जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज भरून देतात. 1987 चा कायदा आहे, बायकांना आणि मुलांना फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, पिवळं रेशनकार्ड वगैरे काही लागत नाही. हेल्पलाइन 15100. माझ्यावर ती वेळ आली नाही त्यामुळे त्या वकिलांना मी स्टार देऊ शकत नाही.

5 पैकी 4 देते. जाणार असाल तर शाळेची प्रत्येक पावती, मेसेजचे स्क्रीनशॉट, प्रवेशाचं पत्र आणि मुलाचं आधार घेऊन जा, झेरॉक्स आधीच काढा कारण तिथलं मशीन बंदच असतं, आणि तुमच्या प्रकरणाचा प्रत्येक कागद फोटो काढून स्वतःकडे ठेवा, त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि केंद्रातलं कोणी हे वाचत असेल तर प्लीज ती शनिवारची 11 ते 2 वेळ बदला हो. त्या वेळेला आमच्या बायका दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात आणि पुरुष नाक्यावर किंवा साइटवर असतात, एक खाडा म्हणजे दिवसाचा पगार गेला. रविवारी संध्याकाळी 2 तास उघडलंत तरी रांग दुप्पट होईल.