दादरचं पोर्तुगीज चर्च: मराठवाड्यातून मुद्दाम बघायला जावं का?

जावं. आर्किटेक्चर शिकणाऱ्यांनी आणि गावात चर्च किंवा सभागृह बांधायला काढलेल्यांनी तर नक्कीच. देवगिरी, तपोवन दोन्ही दादरला थांबतात. पश्चिमेला उतरलं की गोखले रोडपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं.

नावावरून जुनी दगडी इमारत डोळ्यांपुढे आणू नका. इथलं पहिलं चर्च फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंनी १५९६ साली बांधलं. आज उभी आहे ती वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची १९७४ ते ७७ मधली काँक्रीटची वास्तू.

बाहेरून निमुळती होत वर गेलेली कवचं, म्हणजे काँक्रीटची वक्र छपरं, दिसतात, फोटोही त्यांचेच निघतात. पण बघायची ती अंगणं. छपराखालच्या जागा आणि उघडी अंगणं एकमेकांत गुंफली आहेत. हवा अंगणातून आत येते, तापून वर चढते आणि कवचाच्या शेंड्यातून निघून जाते. उजेडही वरूनच येतो. मुख्य कवचाच्या माथ्याशी एम. एफ. हुसेन यांचं रंगीत काचकाम आहे. वेरूळचं दहावं लेणं पाहिलेल्यांना फरक चटकन कळेल: तिथे उजेड दर्शनी गवाक्षातून, आपल्या पाठीमागून येतो, इथे डोक्यावरून उतरतो. म्हणून दुपारी बाराच्या आसपास जा.

आपल्याकडे नक्कल करताना लोक नेमकं कवच उचलतात आणि जागा वाचवायला अंगण गाळतात. मग खालून हवाच येत नाही आणि वरची झडप नुसती शोभेची राहते. दुसरी चूक काचेची. बीड-परभणीच्या उन्हात माथ्यावरची उघडी काच म्हणजे भट्टीच. वर सावलीची पट्टी हवी. काँक्रीट आणि काच तापल्यावर सारखी फुगत नाहीत, त्यामुळे सांधा पक्क्या सिमेंटने भरला तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो आणि पावसाळ्यात वेदीवर गळतो. लवचीक सीलंट वापरा, दर मे महिन्यात तपासा. आवाजाचाही विचार आधीच करा. उंच, गुळगुळीत काँक्रीट आवाज शोषत नाही, प्रवचनातले शब्द एकमेकांत मिसळतात. मोठे स्पीकर वर टांगण्यापेक्षा लहान स्पीकर बाकांजवळ, कानाच्या उंचीला लावा.

रविवार टाळा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असताना कॅमेरा काढू नका. आधी ऑफिसात विचारा.