काखेती की इमेरेती: क्वेव्रीतली अंबर वाइन निवडताना

जॉर्जियाची अंबर वाइन, म्हणजे पांढरी द्राक्षं सालीसकट मातीच्या रांजणात आंबवून केलेली, घ्यायची हे एकदा ठरलं की बहुतेक जण दुकानदार जी पुढे करेल ती उचलतात, आणि ती बऱ्याचदा पूर्वेकडच्या काखेती प्रांताची र्कात्सितेली (ही द्राक्षाची जात) असते. त्यात वाईट काही नाही. पण त्याच देशाच्या पश्चिमेला, इमेरेतीत, हीच वाइन बऱ्यापैकी वेगळ्या पद्धतीने बनते आणि दोन्ही प्यायल्याशिवाय "मला ही अंबर वाइन झेपत नाही" असं म्हणून मोकळं होणं म्हणजे जरा घाईच. मी दोन्ही बऱ्यापैकी प्यायलोय, तिकडे जाऊनही आणि नंतरही, म्हणून जे वाटलं ते लिहितोय. पटलं तर घ्या.

क्वेव्री म्हणजे तोच मातीचा मोठा रांजण. ती तोंडापर्यंत जमिनीत का पुरतात, आतून मधमाशीचं मेण का लावतात, हे सगळं माहीत असेलच. ८००० वर्षांची परंपरा वगैरे पण बाटलीवर छापलेलं असतंच. २०१७ मध्ये तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या खापरांवर वाइनचे अंश सापडल्याचं प्रसिद्ध झालं, ते साधारण इसवी सनापूर्वी ६००० च्या आसपासचे, आणि त्याआधी २०१३ साली युनेस्कोने क्वेव्रीची पद्धत वारसा यादीत घेतली. अभिमान वाटण्यासारखं आहेच, पण दुकानात दोन बाटल्या हातात धरून उभं असताना याचा काडीचा उपयोग नाही, कारण दोन्हीवर तेच लिहिलेलं असतं.

खरा फरक आहे तो रांजणात रसाबरोबर काय काय टाकतात याचा. काखेतीत सगळंच टाकतात, साल, बिया, आणि पिकलेले देठसुद्धा, ज्याला ते लोक चाचा म्हणतात, आणि आंबणं संपलं की वरून झाकण ठेवून मातीने लिंपून टाकतात ते थेट वसंतात उघडतात, म्हणजे पाच-सहा महिने रस त्या चोथ्यावरच. रांजणाचा तळ निमुळता असतो त्यामुळे बिया आधी टोकाला जाऊन बसतात, त्यांच्यावर साल बसते आणि वाइन वरच्यावर नितळ होत जाते, डोकं लढवलंय खरं कोणीतरी. इमेरेतीत मात्र चोथ्याचा थोडाच भाग घालतात, दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, देठ शक्यतो नाहीतच, आणि तेही कमी काळ. तिकडची हवा काळ्या समुद्राकडची, दमट, देठ नीट पिकत नाहीत, मग ते घातले की नुसती हिरवी कडू चव उतरते. रांजणाला तिकडे चुरी म्हणतात आणि तो बऱ्याच घरी मारानीच्या, म्हणजे वाइनच्या कोठाराच्या, छपराखाली नसून अंगणात झाडाखाली पुरलेला असतो.

आता काखेतीबद्दल. पहिला घोट घेतला की कळतं की ही पांढऱ्या द्राक्षांची असली तरी पांढरी वाइन नाही. रंग गडद मधासारखा, वास सुक्या जर्दाळूचा, अक्रोडाचा, संत्र्याच्या सालीचा, आणि मग मागून येतो तो तुरटपणा, चांगला घट्ट, रेड वाइनला शोभेल असा. अलाझानीच्या खोऱ्यात, तेलावी-सिग्नागीच्या पट्ट्यात, देशातल्या बहुतेक द्राक्षबागा आहेत त्यामुळे निवडीला तोटा नाही, अलावेर्दीच्या मठातल्या साधूंपासून ते सिग्नागीच्या फेझन्ट्स टिअर्स या वाइनरीपर्यंत. समोर मांस भाजलेलं असेल, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी असतील, चार माणसं असतील, तर या वाइनला तोड नाही. तिकडच्या भरल्या टेबलावर ती प्यायलेला माणूस तिच्याविरुद्ध बोलू शकत नाही, मीही बोलणार नाही.

पण मी रोज भरल्या टेबलावर बसत नाही ना. आणि इथे माझी अडचण सुरू होते, ती म्हणजे तापमान.

ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण काखेतीची अंबर वाइन फ्रीजमधून काढून लगेच ओतली की गारठ्यामुळे तुरटपणा आणि कडवटपणा दोन्ही वर येतात, फळाचा वास मात्र बंद पडतो, आणि उरतं ते जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखं काहीतरी, हिरड्या आखडतात अक्षरशः. मग काय, बाटली बाहेर ठेवायची आणि वाट बघत बसायचं. ती १४-१५ अंशाच्या आसपास आली की एकदम खुलते, जर्दाळू येतं, मध येतो, वा वा होतं, आणि तुम्ही गप्पांत रमलात की ती तिथून पुढे सरकते आणि खोलीच्या तापमानाला पोचली की अल्कोहोल नाकात जायला लागतं आणि सगळं जड होऊन बसतं. म्हणजे चांगली लागते तो काळ मधलाच, आणि तो पकडायला बाटली आत-बाहेर करत राहायचं. त्यात प्रत्येक निर्मात्याचा तो मधला काळ वेगळा, देठ जास्त असतील तर अजून वर, नसतील तर खाली. पाहुण्यांना ओतताना "थांबा, अजून दहा मिनिटं" असं सांगायला मला तरी अवघडल्यासारखं होतं, वाइन प्यायला बोलावलंय की रांगेत उभं केलंय असं वाटतं त्यांना. काही लोक म्हणतील की एवढं काय, तळघराच्या तापमानाला ठेवायची, जशी ती मुळात जमिनीत होती. बरोबर आहे, ज्याच्याकडे तळघर आहे त्याने जरूर काखेतीच घ्यावी.

इमेरेतीत ही कटकट जवळपास नाही. त्सोलिकोउरी किंवा त्सित्स्का (तिथल्या पांढऱ्या द्राक्षांच्या जाती) गार काढली तरी चालते, लिंबाच्या सालीसारखा ताजेपणा आधी येतो, पिवळं प्लम, पेअर, आणि साल थोडीच असल्याने तुरटपणा फक्त शेवटाला, जिभेच्या कडेला, येऊन जातो. मग ग्लासात ती हळूहळू गरम होत जाते तशी मध आणि सुक्या गवताचा वास दाखवत जाते पण बिघडत नाही, म्हणजे पहिला ग्लास एक आणि शेवटचा ग्लास दुसरा, आणि दोन्ही चांगले. जेवण नसलं तरी चालतं, थोडं चीज असलं तरी भागतं. आम्लता मात्र भरपूर, त्सित्स्कात तर इतकी की तिची स्पार्कलिंगही बनवतात, तेव्हा आंबटाने ज्यांचे दात आंबतात त्यांनी त्सित्स्कापेक्षा त्सोलिकोउरीकडे जावं, किंवा सरळ क्राखुना घ्यावी जी तिथली भारदस्त जात आहे, पिकलेली, मधाळ. बघदातीजवळच्या ओबचा गावची बायाज वाइन, आणि दुसरे निर्माते रामाझ निकोलाद्झे, ही त्यातल्या त्यात बाहेर दिसणारी नावं, सुरुवातीला शोधायला ठीक.

एक खरं सांगायला हवं, इमेरेतीची बाजू घेताना काही गोष्टी माझ्या विरोधात जातात. उघडलेली बाटली हा पहिला मुद्दा. काखेतीची अर्धी उरली, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली, तर दोन-तीन दिवस मजेत टिकते, कधी कधी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते कारण टॅनिन, म्हणजे साल-देठातलं तुरट द्रव्य, हवेशी झुंजायला मदत करतं. इमेरेतीची त्या मानाने लवकर उतरते. एकटे पिणारे असाल आणि एका वेळी एकच ग्लास घेणार असाल तर हा मुद्दा माझ्या तापमानाच्या कुरकुरीपेक्षा मोठा आहे, मान्य.

दुसरं म्हणजे माऊस. ज्यांनी सल्फर न घातलेल्या नॅचरल वाइन प्यायल्यात त्यांना कळलं असेल मी काय म्हणतोय. नाकाला काही कळत नाही, घोट छान जातो, आणि गिळल्यावर काही सेकंदांनी घशाच्या मागून उंदराच्या पिंजऱ्याची, शिळ्या बिस्किटाची चव वर येते. वाइनच्या आम्लतेत ते रसायन उडत नाही म्हणून वास येत नाही, तोंडातल्या लाळेने आम्लता कमी झाली की मग कळतं. आणि गंमत म्हणजे काहींना ते अजिबात कळत नाही, एकाच टेबलावर एक जण तोंड वाकडं करतो आणि दुसरा अजून ओत म्हणतो. मला हे इमेरेतीच्या हलक्या बाटल्यांत जास्त आढळलं, काखेतीत कमी. माझा अनुभव आहे, नियम म्हणून सांगत नाही, रांजण किती स्वच्छ धुतला यावरच बहुतेक सगळं असतं. त्यामुळे इमेरेतीची सहा बाटल्यांची पेटी एकदम घेऊ नका, एक घ्या, उघडा, मग ठरवा.

तिसरं, मिळणं. काखेती सगळीकडे, इमेरेती शोधावी लागते, निर्माते छोटे, घरातले चार-पाच रांजण, संपली की संपली.

हे प्रदेशांचं झालं पण एक लक्षात घ्या, सीमा आता एवढ्या कडक राहिल्या नाहीत. काखेतीत देठ काढून टाकणारे निर्माते आहेत आणि इमेरेतीत सहा महिने सालीवर ठेवणारेही आहेत, तेव्हा लेबलवर नुसता प्रदेश बघून भागत नाही, मागच्या बाजूला सालीवर किती काळ हे लिहिलेलं असतं ते वाचा, नसेल तर विचारा. काखेतीतच राहायचं असेल आणि तुरटपणा जरा कमी हवा असेल तर र्कात्सितेलीऐवजी किसी बघा, झेंडूच्या फुलांसारखा वास येतो तिला, पेअर येतं, आणि चांगल्या हातची असेल तर तापमानाचंही एवढं मनावर घेत नाही. खिख्वी पण छान पण कमी मिळते.

आणि कृपा करून जॉर्जियन म्हणजे क्वेव्री असं समजून काहीही उचलू नका. त्सिनांदाली काखेतीचीच, र्कात्सितेली आणि थोडी म्त्स्वाने, पण युरोपियन पद्धतीची साधी पांढरी वाइन आहे. किंद्झमाराउली आणि ख्वांचकारा गोडसर लाल, त्यांचं आंबणं सहसा थंड करून मध्येच थांबवतात, रांजणाचा संबंध बहुतेक वेळा नाही. देशातून बाहेर जाणाऱ्या वाइनचा मोठा भाग अजूनही स्टीलच्या टाक्यांतलाच असतो. लेबलवर क्वेव्री हा शब्द हवाच. काखेतीच्या रस्त्यांवर प्लास्टिकच्या बाटल्यांत घरची वाइन लीटरवर विकतात, स्वस्त असते, काही लारीत (तिकडचं चलन) काम होतं, जागेवर प्यायला मजा येते पण तिच्यावरून अख्ख्या प्रदेशाचं मत बनवू नका, आणि ती विमानातून घरी न्यायच्या भानगडीत तर पडूच नका.

लालबद्दल जास्त बोलत नाही कारण तिथे तुलनाच नाही. सापेरावी या लाल द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो, त्यामुळे रंग शाईसारखा, आणि क्वेव्रीत ती उत्तम होते, काखेतीचा हा एक्का आहे. इमेरेतीची ओत्स्खानुरी सापेरे आंबट आणि कडक, बरीच वर्षं ठेवावी लागते, तेवढा धीर माझ्यात नाही. लाल हवी तर डोळे झाकून काखेती.

तर अंबर घेताना, मोठं जेवण असेल, माणसं असतील, बाटली उघडी राहणार असेल किंवा तुम्हाला मुळात तुरट आवडत असेल तर काखेतीची र्कात्सितेली घ्या आणि ओतायच्या अर्धा-पाऊण तास आधी फ्रीजबाहेर काढा. संध्याकाळी दोघांनी बसून एक बाटली संपवायची असेल, खायला विशेष काही नसेल, तर त्सोलिकोउरी. मी स्वतः हल्ली दुकानात गेलो की आधी इमेरेतीचं कपाट बघतो, तिथे काही नसलं तरच पुढे जातो. आणि दोन्हीत मन होत नसेल तर कार्तलीची चिनुरी आहे, तिबिलिसीच्या जवळपासची, सालीसकट आणि सालीशिवाय अशा दोन्ही पद्धतींनी बनते, एकाच निर्मात्याच्या दोन बाटल्या मिळाल्या तर शेजारी शेजारी ठेवून प्या, साल काय करते ते एका संध्याकाळीत कळेल. फक्त सालीवालीला आधी बाहेर काढा.