अलिबागला बंगला बुक करताय? आमचे २१ हजार कसे गेले ते आधी वाचा

आम्ही अमळनेरचे. पोरांनी समुद्र फक्त मोबाईलमधे पाहिलेला, आणि आईला पण कुलाबा किल्ला आणि कान्होजी आंग्र्यांची समाधी एकदा बघायची होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अलिबाग ठरलं. नऊ माणसं, हॉटेल परवडत नाही, एखादा बंगला घेऊ, भाकरी-भाजी घरचीच करू असं म्हणून मी इन्स्टावर शोधायला लागलो.

नागावचा एक बंगला दिसला. नारळ-सुपारीची वाडी, ओटीवर लाकडी झोपाळा, आणि पायरीवरची एक निळी फरशी कोपऱ्यात तुटलेली. त्या तुटक्या फरशीमुळेच माझा विश्वास बसला, म्हटलं खोटं असतं तर चकाचक फोटो टाकले असते ना.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केला तर लगेच रिप्लाय. दादा दादा करून बोलायचा, आधारकार्डचा फोटो पण पाठवला. रात्रीचे ८ हजार, दोन रात्री, अर्धे अ‍ॅडव्हान्स, आणि लवकर टाका, अजून दोन पार्ट्या लाईनमधे आहेत. ८ हजार टाकले. मग म्हणे डिपॉझिट ५ हजार, निघताना परत मिळतील. तेही टाकले. निघायच्या दोन दिवस आधी फोन आला की पेमेंट डबल दाखवतंय, तुमचे ८ हजार परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका. मी दुकानात, समोर गिऱ्हाईक उभं, स्कॅन केलं, पिन टाकला आणि आणखी ८ हजार गेले. तर म्हणे चुकून झालं दादा, इथे आल्यावर हिशोबात वजा करू. अरे पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला म्हणजे आपल्याच खात्यातून जाणार, हे मला माहीत होतं, पण त्या घाईत सुचलंच नाही.

अजून एक गोष्ट तेव्हाच खटकायला पाहिजे होती. किल्ला किती लांब असं विचारलं तर म्हणे ओहोटी लागली की घरातून चालतच जा. ओहोटीला किल्ल्यावर चालत जाता येतं हे खरं, पण ते अलिबाग शहराच्या किनाऱ्यावरून. नागाव तिथून बरंच खाली, मधे अख्खं अक्षी गाव लागतं. मॅप उघडून बघितला असता तरी खोटं पकडलं असतं, पण आपण बोरी नदीकाठची माणसं, समुद्राचं काही माहीत नाही, तो सांगेल ते खरं धरलं.

पहाटे चारला निघालो, धुळे, नाशिक, कसारा घाट, वडखळला ट्रॅफिकमधे अडकलो, पोचेपर्यंत अंधार पडलेला. लोकेशनवर गेलो तर घर होतं! तोच झोपाळा, तीच फरशी. मी बॅगा उतरवायला लागलो तेवढ्यात आतून एक आजी आल्या. त्यांचं राहतं घर ते, भाड्याने कधीच देत नाहीत. म्हणाल्या, "दिवाळीपासून तुम्ही तिसरे आलात हो." कोणीतरी त्यांच्या घराचे फोटो उचललेले. त्याचा फोन बंद. आजींनी पोरांना कोकम सरबत दिलं, आणि शेजारच्यांकडे दोन खोल्या मिळवून दिल्या, त्या बाईंचे उपकार विसरणार नाही.

आता माझी खरी चूक सांगतो, ह्याच्यासाठीच एवढं लिहितोय. त्या रात्री मी कोणालाच फोन केला नाही. लाज वाटली, मेहुणे सोबत होते, म्हटलं सकाळी बघू. १९३० हा सायबर फ्रॉडचा नंबर आहे, तिथे लगेच कळवलं तर पैसे समोरच्या खात्यातून पुढे जायच्या आत होल्ड करता येतात. मी सकाळी दहाला लावला. यूटीआर नंबर (म्हणजे प्रत्येक पेमेंटचा व्यवहार क्रमांक), स्क्रीनशॉट सगळं दिलं, तक्रार नंबर मिळाला, पण तोपर्यंत पैसे दुसऱ्या खात्यात आणि तिथून तिसऱ्या खात्यात. फक्त ३ हजार होल्ड झाले, ते पण अजून हातात आलेले नाहीत. मी तर म्हणतो फोन बंद लागला त्याच मिनिटाला गाडीतूनच १९३० लावा, घरच्यांसमोर लावा.

बुकिंगच्या आधी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला लावा, गेटपासून आतपर्यंत, चालत चालत. आणि त्याच गावातल्या एखाद्या दुकानाचा नंबर मॅपवर सापडतो, त्यांना विचारा. आमच्या आजींचं घर तर सगळ्या आळीला माहीत होतं, एका फोनमधे कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "पैसा गया ते जाऊ दे, पोरे सुखी शेतस ना." मग ओहोटीची वेळ विचारून किल्ल्यावर गेलो, पोरं ओल्या वाळूतून पळत होती, आईने आतल्या गणपतीला नारळ फोडला. माझं लक्ष सारखं मोबाईलकडे.

काल परत जाहिरात दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, गाव ह्यावेळी मुरूड लिहिलंय. फोटोत पायरीवरची निळी फरशी तशीच, कोपऱ्यात तुटलेली. मी रिपोर्ट केलंय, तुम्हाला दिसली तर तुम्ही पण करा.