मुलासाठी क्लोनिंग की उपचारासाठी? बौद्ध दृष्टीतून तुलना

सोलापुरातील विहारांत वर्षावासात धम्मचर्चा रंगतात. तिथे क्लोनिंगचा, म्हणजे जीवाची जनुकीय प्रत बनवण्याचा, विषय निघाला की आक्षेप बहुधा मूल जन्माला घालणाऱ्या क्लोनिंगवर असतो, पण माझ्या मते बौद्ध विचाराला अधिक अवघड आहे ते उपचारासाठीचे क्लोनिंग.

अनात्मवाद, म्हणजे कायमचा आत्मा नाही हे मत, मानणाऱ्याला आत्म्याची नक्कल होण्याची भीती नाही. बाबासाहेबांनीही पुनर्जन्म आत्म्याचा नव्हे, तर पृथ्वी, आप, तेज, वायू यांचा मानला. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात गर्भधारणेसाठी मातापित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाळ आणि गंधब्ब (जन्म घेण्यास सिद्ध असलेला जीव) या तीन अटी आहेत. क्लोनिंगमध्ये संयोग नसतो, तरी जन्मलेले मूल सुखदुःख भोगणारा स्वतंत्र जीवच असेल. खरा दोष वाटेतल्या हानीचा: १९९६ मध्ये जन्मलेली डॉली मेंढी २७७ प्रयत्नांतून जगलेली एकटीच होती.

उपचाराच्या क्लोनिंगमध्ये मूलपेशी, म्हणजे वेगवेगळ्या अवयवांच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिळवण्यासाठी सुमारे पाच दिवसांचा भ्रूण नष्ट होतो. विनयानुसार, म्हणजे भिक्खूंच्या नियमांनुसार, भिक्खूने गर्भपात घडवणे हा पाराजिक (संघातून बाहेर काढणारा) दोष आहे, त्यामुळे जीवनाचा आरंभ गर्भधारणेपासून मानणाऱ्याला इथे प्राणिहत्या न करण्याचे पहिले शील आड येते. मात्र डायलिसिसच्या यंत्राला जोडून तासन्‌तास पडून राहणाऱ्या रुग्णासमोर करुणेचा युक्तिवादही हलका ठरत नाही. म्हणूनच जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींपासून, भ्रूण न मोडता, मूलपेशींसारख्या पेशी घडवून दाखवल्या, ती वाट मला धम्माच्या अधिक जवळची वाटते.