मोफत रायटर सेवा : सरावाची बैठक मिळते का, ते आधी विचारा

फॉर्मवर 'लेखनिक' असतं, बोलताना सगळे 'रायटर'च म्हणतात. दृष्टिहीन विद्यार्थी उत्तर सांगतो, रायटर ते लिहितो. पुण्या-मुंबईत ही सेवा कॉलेजातली मुलं आणि काही सामाजिक संस्था मोफत देतात. फुकट आहे म्हणून पारखायचं नाही, असं मात्र करू नये, कारण इथल्या चुकीची किंमत परीक्षार्थीच्या गुणांतून वसूल होते. आमचं मत सरळ आहे : सेवा चांगली, पण पेपरआधी सरावाची बैठक न देणारा गट टाळावा.

नोंदणी बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवर होते. विषय, माध्यम, केंद्र, तारीख, वेळ एवढं कळवलं की नाव मिळतं. एका नावावर थांबू नका, राखीव रायटर मागून घ्या. विद्यापीठाच्या परीक्षांच्या दिवसांत रायटरचेही पेपर असतात, त्यामुळे गरज जास्त तेव्हाच माणसं कमी. दहावीच्या बाबतीत आणखी एक गफलत हमखास होते. तिथे रायटर खालच्या इयत्तेतलाच लागतो, त्यामुळे कॉलेजचा उत्साही स्वयंसेवक केंद्रावरून परत पाठवला जातो. चांगले गट हे आधीच सांगतात आणि शाळांशी बोलून नववीची मुलं मिळवून देतात. प्रत्येक परीक्षेची अट वेगळी, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक वाचल्याशिवाय नाव पक्कं करू नये.

खरी कसोटी सरावात. गणिताचंच घ्या. परीक्षार्थी म्हणतो, 'एक्स अधिक तीन भागिले दोन.' आता दोनाने भागायचं फक्त तीनला की सगळ्यालाच? रायटर आपल्या मनाने एक अर्थ घेतो आणि पुढची पाच पावलं चुकतात. यावर उपाय म्हणजे खुणेचे शब्द ठरवून घेणं : 'अंश सुरू', 'छेद सुरू', 'अपूर्णांक संपला', 'कंस पूर्ण'. भाषेच्या पेपरात 'नवा परिच्छेद', 'अवतरण सुरू' हे सांगायची सवय लागते. विशेषनामं अक्षर सुटं करून सांगावी, नाहीतर ऱ्हस्वदीर्घ रायटरच्या मर्जीवर. पर्यायी उत्तरांच्या पेपरात गोळा एक ओळ खाली भरला गेला तर पुढचं सगळंच घसरतं, म्हणून दर दहा प्रश्नांनी क्रमांक मोठ्याने जुळवून घ्यावा.

नवख्या रायटरचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे मदत करण्याची हौस. समोर चुकीचं उत्तर येताना दिसलं की जीभ वळवळते. 'नक्की?' एवढं विचारणंही सूचनाच ठरते आणि पर्यवेक्षकाला कॉपीचा संशय येऊ शकतो. जे गट रायटरचं प्रशिक्षण दृष्टिहीन सीनियर विद्यार्थ्यांकडून करून घेतात, तिथे हा दोष लवकर जातो. या सेवेतलं आम्हाला सर्वांत आवडलेलं हेच : काल रायटर मागणारी मुलगी आज रायटर घडवते. हीच सीनियर मंडळी ज्युनियरना एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअरही शिकवतात. जुन्या श्रीलिपी फाँटमधल्या नोट्स तो वाचायला गेला की नुसता गोंधळ ऐकू येतो; त्या युनिकोडमध्ये आणून देणारा गट मिळाला तर सोडू नका.

केंद्रावरचं काम मात्र अनेक गट परीक्षार्थीवर सोडून देतात, आणि इथे गुण कापावे लागतात. प्रश्न मोठ्याने वाचावे लागतात, म्हणून वेगळी खोली हवी. ती केंद्रप्रमुखांकडे आधीच लेखी मागावी. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), रायटरचं ओळखपत्र, शाळेचा किंवा कॉलेजचा बोनाफाईड आणि दोघांचे फोटो एका फाईलमध्ये ठेवावेत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. रायटर न घेता स्वतः लिहिणाऱ्या पात्र उमेदवारालाही हा वेळ आहे. पर्यवेक्षकाला माहीत नसलं तर तीन तासांनी उत्तरपत्रिका ओढली जाते, म्हणून सूचनांची छापील प्रत सोबत हवीच.

आणखी एक तक्रार. काही गट 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर नावच घेत नाहीत. विकाश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केलं, की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला केवळ या टक्केवारीवरून रायटर नाकारता येत नाही. 2022 मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या. त्यात वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळवायला वेळ जातो, तेव्हा अर्ज वेळापत्रक लागण्याची वाट न पाहता करावा.