मागच्या बाकावरचं टिंब: वर्गासाठी प्रोजेक्टर घ्यावा की टीव्ही?

स्प्रेडशीट शिकवताना एकदा मी १.२५ लिहिलं आणि मागच्या दोन रांगांनी वहीत १२५ उतरवून घेतलं. मुलांची चूक नव्हती, भिंतीवर टिंब उमटलंच नव्हतं. तो प्रोजेक्टर आपल्या खोक्यावर '९००० ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि 'फुल एचडी सपोर्ट' असं मिरवत होता. तेव्हापासून वर्गासाठी काही घ्यायचं म्हटलं की मी डेमोचा रंगीबेरंगी व्हिडिओ बघत बसत नाही. एक्सेलचं पान उघडतो आणि सगळ्यात मागे जाऊन बसतो.

म्हणून आधी टेप घ्या आणि फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंतचं अंतर मोजा. एक जुना ठोकताळा आहे: अक्षरं वाचायची असतील तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा. उंचीच्या म्हणतोय, कर्णाच्या नाही. टीव्हीवर लिहिलेले इंच कर्णाचे असतात आणि फसगत तिथेच होते. ४३ इंची टीव्हीची उंची जेमतेम ५३ सेंटिमीटर, म्हणजे तो सव्वातीन मीटरपर्यंतच पुरतो. ५५ इंचीला चार मीटर, ६५ इंचीला पावणेपाचच्या थोडं पुढे, ७५ इंचीला साडेपाच. प्रोजेक्टरने दोन मीटर रुंद चित्र पाडलं तर त्याची उंची एक मीटर बारा सेंटिमीटर होते आणि मजल पावणेसात मीटरपर्यंत जाते.

मोजून झालं की निम्मा निर्णय आपोआप होतो. वीस-बावीस मुलांची छोटी खोली असेल तर टीव्ही, आणि त्यावर मी फार चर्चाही करणार नाही. दिवे चालू ठेवता येतात, मुलांना स्वतःची वही दिसते, पंख्याची घरघर नाही, दिवा बदलायची भानगड नाही. साधा टीव्ही पुरे. त्यातलं स्मार्टपण वर्गात फारसं कामाला येत नाही. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी करा. टीव्ही बऱ्याचदा चित्राच्या कडा कापतो, त्यामुळे खालचा टास्कबार अर्धा गायब होतो. सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काहीतरी सापडेल, ते चालू करा. आणि संगणक ज्या एचडीएमआय इनपुटला जोडलाय त्याला 'पीसी' असं नाव किंवा मोड देता येत असेल तर द्या. पांढऱ्यावरची लाल-निळी बारीक अक्षरं एकदम सुटी दिसू लागतात. टांगताना खालची कड पहिल्या रांगेतल्या डोक्यांच्या वर आली पाहिजे. समोर खिडकी असेल तर टीव्हीच्या काचेत वर्गापेक्षा झाडंच जास्त दिसतात, तेव्हा भिंत बदला.

खोली लांबट असेल तर आणखी एक तोड आहे, जी विक्रेता सहसा सुचवत नाही. एका मोठ्या टीव्हीऐवजी दोन मध्यम टीव्ही घ्यायचे, एक पुढे आणि एक बाजूच्या भिंतीवर मध्यावर, आणि मध्ये एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एकच चित्र दोन्हीकडे पाठवणारी डबी, लावायचा. इंच वाढत गेले की टीव्हीची किंमत त्या मानाने फार वेगाने वाढते, त्यामुळे हे गणित बऱ्याचदा परवडतं. दोन्ही टीव्ही एकाच रेझोल्यूशनचे (चित्रातल्या ठिपक्यांच्या संख्येचे) असू द्या, नाहीतर साधा स्प्लिटर दोघांतल्या कमी रेझोल्यूशनवर उतरतो.

आता प्रोजेक्टर. इथे मोठं चित्र तुलनेने स्वस्तात मिळतं आणि इथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. 'ल्युमेन' हा नुसता शब्द खोक्यावर कोणीही छापू शकतं. एएनएसआय ल्युमेन किंवा आयएसओ २१११८ या प्रमाणित पद्धतीने मोजलेला आकडा दिलाय का ते बघा. तो नसेल तर मी ती वस्तू हातातही घेत नाही. हिशोब सोपा आहे. दोन मीटर रुंद चित्राचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर. खरे ३००० ल्युमेन त्यावर पसरले तर दर चौरस मीटरला सुमारे १३०० ल्युमेन, म्हणजेच १३०० लक्स. खिडक्या-दिव्यांचा उजेड त्याच भिंतीवर २०० लक्स पडतोय असं धरलं तर पांढरा भाग काळ्यापेक्षा सात-आठपट उजळ राहतो, वाचता येतं. त्याच जागी खरे २०० ल्युमेनवाला डबा लावला तर पांढरं आणि काळं यांत दीडपटीचाही फरक उरत नाही. माझं टिंब असंच बुडालं.

'सपोर्ट' या शब्दाचंही तसंच. फुल एचडी 'सपोर्ट' म्हणजे तेवढा (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा) सिग्नल आत घेतो, एवढंच. भिंतीवर पाडतो तो कदाचित ८०० बाय ४८०. नेटिव्ह रेझोल्यूशन, म्हणजे यंत्र प्रत्यक्षात पाडतं ते, विचारा. १२८० बाय ८०० नेटिव्ह असलेला साधा ऑफिस प्रोजेक्टर अशा दिखाऊ फुल एचडीपेक्षा शंभर वेळा बरा.

म्हणूनच तंग बजेटमध्ये माझं मत नव्या स्वस्त डब्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीच्या वापरलेल्या ऑफिस प्रोजेक्टरकडे झुकतं. घेताना मेन्यूत जाऊन दिव्याचे तास बघा. साध्या दिव्याचं आयुष्य मॉडेलप्रमाणे ३००० ते ५००० तास असतं आणि नव्या दिव्याची किंमत सौद्यात धरावी लागते. पूर्ण पांढरं पान लावा: पिवळसर पट्टा दिसला तर एलसीडी प्रकारच्या प्रोजेक्टरचं पॅनेल थकलंय. पूर्ण काळं लावा: चांदण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले तर डीएलपी प्रकारच्या प्रोजेक्टरमधल्या चिपचे बारीक आरसे अडकायला लागलेत, आणि ही चांदणी रात्र पुढे वाढतच जाते. दिव्याऐवजी लेझर वापरणारे प्रोजेक्टर २०,००० तास चालतात, पण ते या बजेटचे नाहीत.

जागेचाही विचार हवा. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर दोन मीटर रुंद चित्रासाठी यंत्र तीन मीटर मागे लागतं, म्हणजे शिकवणाऱ्याची सावली चित्रात. छताला टांगा, आणि सरळ टांगा. तिरकं ठेवून कीस्टोन सेटिंगने वाकडं चित्र चौकोनी केलं की अक्षरांच्या कडा पुसट होतात. प्रोजेक्टरला काळं पाडता येत नाही, म्हणून कोड दाखवताना आवडती काळी थीम बाजूला ठेवून पांढऱ्यावर काळं घ्या.

टचवाल्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलबद्दल थोडक्यात: बजेट कमी आहे म्हणून हे वाचत असाल तर नको. पडद्यावर रेघा मारायच्या आणि झूम करायचं एवढ्यासाठी विंडोजवर झूमइट नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कंट्रोल-१ ने मोठं होतं, कंट्रोल-२ ने लिहिता येतं.

आणि समोर प्रत्येक मुलाकडे संगणक असेल तर? मग मोठा पडदा कशाला? व्हेयॉन हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्सवर चालतं आणि शिक्षकाची स्क्रीन सगळ्यांच्या स्क्रीनवर पाठवतं. टिंब हातभर अंतरावर, मागची रांग हा प्रकारच संपला. पूर्ण स्क्रीनऐवजी खिडकीतला (विंडोतला) डेमो निवडा, म्हणजे बघता बघता मुलांना शेजारी टाइपही करता येतं. नेटवर्क मात्र वायरीचं हवं. वाय-फायवर तीस संगणक एकदम ओढायला लागले की माउस अडखळत चालतो.

वायरलेस डोंगलचा (केबलशिवाय चित्र पाठवणाऱ्या छोट्या जोडणीचा) मोह मला एक वर्ष होता. रोज तासाची पहिली पाच मिनिटं 'कनेक्ट होतंय'मध्ये जायची. आता वायर आहे. साधी एचडीएमआय केबल साधारण दहा मीटरपर्यंत निभावते, त्यापुढे कॅट-६ या नेटवर्क केबलवरून सिग्नल लांब नेणारा एक्स्टेंडर घ्या.

पैसे देण्याआधी एक पान तयार करा: शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल, स्वल्पविराम आणि टिंब, सगळं तुम्ही रोज वापरता त्या अक्षरमापात. वस्तू दुपारी बारा वाजता, पडदे न ओढता, तुमच्याच वर्गात लावायला सांगा. चष्मा असलेल्या एखाद्या मुलाला शेवटच्या बाकावर बसवा आणि ते पान मोठ्याने वाचायला लावा. विक्रेता 'संध्याकाळी छान दिसतं' म्हणाला, तर वर्ग किती वाजता भरतो ते त्याला सांगा.